फुटीरतेचा विरोध आणि अस्मितेचा स्वीकार

एखाद्या समाजाची भाषा, इतिहास आणि श्रद्धापरंपरा शेजाऱ्यांहून निराळी असली, तर स्वतंत्र राज्य हा त्याचा नैतिक हक्क ठरतो काय, हा प्रश्न कॅनडाच्या फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांतात 1980 साली थेट मतपेटीपर्यंत पोहोचला. रेने लेवेक यांच्या सरकारने ‘सार्वभौमत्व-सहयोगा’साठी, म्हणजे राजकीय स्वातंत्र्य घेऊनही कॅनडाशी आर्थिक संबंध राखण्याच्या वाटाघाटींसाठी, जनतेकडे अधिकार मागितला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्या मोहिमेचे नेतृत्व प्रांतिक विरोधी पक्षनेते क्लोद रायन यांनी केले.

रायन यांची घडण कॅथलिक सामाजिक चळवळीत झाली होती आणि राजकारणात येण्यापूर्वी, 1964 ते 1978 या काळात, त्यांनी ‘ल दव्हार’ या मॉन्ट्रियलच्या दैनिकाची धुरा वाहिली होती. 1970 मध्ये फुटीरतावाद्यांनी केलेल्या अपहरणांनंतर केंद्राने युद्धकाळासाठीचा असाधारण कायदा लागू केला, तेव्हा फुटीरतेशी सहमत नसतानाही त्यांनी त्या कायद्याला उघड विरोध केला. त्यांच्या भूमिकेचे मर्म याच प्रसंगात सापडते. क्वेबेकचे निराळेपण त्यांना पूर्ण मान्य होते. त्या निराळेपणातून विभक्ती अपरिहार्यपणे निघते, हे मात्र मान्य नव्हते.

या विचाराचे नाते कॅथलिक समाजचिंतनातील ‘उपपूरकता’ तत्त्वाशी लावता येते. पोप पायस अकरावे यांच्या 1931 च्या परिपत्रात मांडलेल्या या तत्त्वानुसार, लहान समूहाला जे स्वतः करता येते ते मोठ्या संस्थेने हिरावून घेऊ नये. हे तत्त्व केंद्राच्या हव्यासाला आवर घालते, त्याचबरोबर मोठ्या संस्थेचे प्रयोजनही मान्य करते, आणि म्हणूनच रायन यांच्या पक्षाने जानेवारी 1980 मध्ये नुसता नकार पुढे न ठेवता संघराज्याच्या फेररचनेचा सविस्तर आराखडा मांडला. ज्याच्याकडे पर्याय नाही, त्याने ऐक्याची हाक दिली तरी ती दुर्बलाला गप्प बसवण्याची भाषा होते. रायन यांच्या भूमिकेला नैतिक वजन आले ते या आराखड्यामुळेच.

20 मे 1980 रोजी सुमारे 60 टक्के मतदारांनी प्रस्ताव नाकारला. परंतु या कौलाबरोबर आलेले संघराज्याच्या फेररचनेचे दायित्व केंद्राने फेडले नाही. राज्यघटनेचा ताबा ब्रिटनकडून कॅनडात आणण्याच्या केंद्राच्या एकतर्फी हालचालींविरुद्ध 1981 च्या ऑक्टोबरात क्वेबेकच्या विधानसभेत ठराव आला, तेव्हा रायन यांनी प्रतिस्पर्धी लेवेक यांच्या बाजूने मत दिले, आणि याच कारणाने त्यांचा आधीचा विरोध दिल्लीश्वरी थाटाच्या केंद्रनिष्ठेहून वेगळा ठरतो. 1982 ची घटना तरीही क्वेबेकच्या संमतीवाचून अमलात आली, आणि 1995 च्या दुसऱ्या सार्वमतात ऐक्याची बाजू केवळ 50.58 टक्के मतांवर तरली.