न दिल्याचा अपराध

कामरेजपाशी महामार्गाच्या पुलावरून तापी पाहताना आमच्या मनात नेहमी येते की, या पात्रात पाणी किती असावे हे येथे ठरत नाही. ते वर काकरापारला आणि उकाईला ठरते. नदीतून कोणी पाणी उपसले तर डोळ्यांना दिसते. वरून सोडलेच नाही, तर दिसण्यासारखे काहीच घडत नाही.

दीर्घिकांच्या मरणाविषयी वाचताना आम्हांस हा पूल आठवला. थंड वायू आकुंचन पावून त्याचे तारे होतात. वायू सरला की दीर्घिकेत नवा तारा जन्मत नाही. तो सरतो कसा, याविषयी दोन पक्ष आहेत. दीर्घिकांच्या दाट समूहात शिरणाऱ्या दीर्घिकेचा वायू तेथील तप्त वायूच्या दाबाने ओरबाडला जातो, असे गन व गॉट यांनी १९७२ साली मांडले. कन्या राशीतील समूहात अशा लुटल्या गेलेल्या दीर्घिका दिसतातही. दुसरा पक्ष म्हणतो, हिरावले काहीच जात नाही. बाहेरून येणारा ताजा वायू तेवढा थांबतो, आणि गाठीच्या शिध्यावर दिवस काढावे लागतात.

२०१५ साली पेंग, मायोलिनो व कॉक्रेन यांनी सुमारे २६,००० दीर्घिकांवरून जो पुरावा पुढे आणला, तो पाहून आमच्यातील वकील सुखावला. तारे आपल्या पोटात जड मूलद्रव्ये घडवितात व मरताना ती भोवतीच्या वायूत मिसळतात. ताजा वायू येत राहिला तर मिश्रण पातळ राहते. थांबला तर घट्ट होते, आणि ती घट्टता पुढच्या ताऱ्यांत उतरते. दरोडा एकाएकी पडला असता तर मृत दीर्घिकांचे तारे जिवंत दीर्घिकांतल्यासारखेच निघाले असते. ते जड निघाले. बहुतेकींचे मरण हळूहळू, सुमारे ४ अब्ज वर्षे चालले होते.

नारायणगावजवळच्या खोडद येथील दुर्बिणीने ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजन मोजला, तेव्हा २०२० साली कळले की, तो जेमतेम एक-दोन अब्ज वर्षे पुरेल एवढाच होता. कोठार मोठे नव्हतेच. सारी भिस्त आवकेवर होती.

आकाशात आरोपी नाही. घरात मात्र असतो. बेकायदेशीर अकृती ही कृतीच, हे १८६० च्या दंडसंहितेनेच मान्य केले. आईबापांच्या निर्वाहासाठी २००७ साली स्वतंत्र कायदाही झाला. रक्कम ठरते, पोहोचते. परंतु म्हातारा त्याच चार गोष्टी पुन्हा सांगतो, कारण पाचवी घेऊन कोणी येत नाही. आपण त्याला चऱ्हाट म्हणतो आणि दोष वयाला देतो! आमच्या मते ती घट्टता हाच पुरावा आहे. ‘आम्ही त्यांना काय केले?’ असे मुलगा विचारतो. काही केले नाही, हे अक्षरशः खरे असते. ये-जा करण्याचा हुकूम कोणतेही न्यायालय देणार नाही. म्हणून ते देणे नव्हतेच, असे मात्र आम्हांस म्हणवत नाही.

रस्त्यावरून जाणाऱ्याला त्या खिडकीत दिवा दिसतो. मृत दीर्घिकाही झळकतच असते; तिचे लहान तांबडे तारे अब्जावधी वर्षे जळत राहतात.