अस्तंब्याची चढण



मॅरेथॉन म्हणजे 42.195 किलोमीटर. धावणारे सांगतात, खरी कसोटी तिसाव्या किलोमीटरच्या पुढे लागते. स्नायूंत साठवलेली साखर संपत येते, पाय उचलेनासे होतात.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दिवाळीच्या दिवसांत अस्तंब्याला निघणारे यात्रेकरू हेच अनुभवतात, फक्त छातीवर नंबर लावलेला नसतो. तळोद्याकडून सातपुडा चढत, रात्री बॅटरीच्या उजेडात, थेट 1325 मीटर उंचीच्या शिखरापर्यंत. सुटे दगड, अरुंद वाट, आणि मुखी अश्वत्थाम्याचा जयजयकार. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा हा शापित चिरंजीव वाट चुकलेल्याला रस्ता दाखवतो, अशी इथली श्रद्धा. ज्याला नवस बोलायचा, तोच दुखणाईत! पण दमल्या जिवाला असाच सोबती जवळचा वाटत असावा.

आणि घरचे? ऐन सणाचा पसारा ते मागे निमूट आवरत असतात.

बारामतीच्या लता करे तर शर्यतीत घरच्यांसाठीच धावल्या. नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते. साठी उलटलेली ही बाई नऊवारी नेसून, अनवाणी धावली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली. सरावाला वेळ कुठला, दिवस मजुरीत जायचा.

तुमच्या घरातलं कुणी आत्ता बूट बांधत असेल, तर त्याच्यासाठी पहाटे उठून पाणी तापवणारंही कुणी असेलच. आजचा चहा तुम्ही त्यांना करून द्या. साखर बेताची घाला.