गाळलेली पाने

काही वर्षांपूर्वी आमच्या उर्दू शाळेत नववीच्या वर्गात एक दृष्टिहीन मुलगा होता. शाळा सुटल्यावर आम्ही त्याला वाचून दाखवत असू. आधी धडे, मग कथा-कादंबऱ्या, उर्दू तशाच मराठीही. एका मराठी कादंबरीतली सहा पाने आम्ही गाळली. स्त्री-पुरुष संबंधांचे वर्णन होते, मुलगा कोवळ्या वयाचा, आणि ते आमच्या तोंडून वाचायचे! त्याला काहीच न सांगता आम्ही पुढचे प्रकरण सुरू केले.

कॉलेजात गेल्यावर त्याने तीच कादंबरी बोलक्या पुस्तकाच्या रूपात ऐकली आणि आम्हांला फोन केला. "सर, एकशे बारा ते एकशे सतरा ही पाने मी पहिल्यांदाच ऐकली." आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

पान क्रमांकासह तो सांगू शकला, हे डेझी या पद्धतीमुळे. कॅसेटवरचे पुस्तक फीत मागे-पुढे करत अंदाजाने शोधावे लागे. डेझी पुस्तकात आवाजाला प्रकरणांची, शीर्षकांची, पानांची जोड दिलेली असते. हव्या त्या पानावर जाता येते, खूण ठेवता येते. १९९६ साली निरनिराळ्या देशांतल्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयांनी एकत्र येऊन ही पद्धत पुढे नेली. केवळ अंधांसाठी नव्हे. ज्याचे हात पुस्तक धरू शकत नाहीत, ज्याला छापील अक्षर उलगडत नाही, त्याच्यासाठीही.

आम्ही स्वतःचा बचाव करून पाहिला. मुलांनी काय वाचावे हे शिक्षक ठरवतोच की! पण डोळस मुलाला आम्ही एखादे पान टाळायला सांगितले, तर ते पान त्याच्या दप्तरात असते. रात्री तो ते उघडू शकतो. आमचे म्हणणे मोडण्याची मुभा त्याला आहे. या मुलापाशी ती नव्हती. पान गाळले गेले, हेच त्याला ठाऊक नव्हते. दुसऱ्यासाठी वाचणे ही अमानत आहे, आणि आम्ही केली ती खयानत. सवाबाच्या कामाचा हिशेब कोण मागणार, ही आमची समजूत त्यामागे होती, हेही कबूल केले पाहिजे.

हजरत इब्ने उम्मे मक्तूम दृष्टिहीन होते. इल्मच्या ओढीने आलेल्या त्या माणसाकडे दुर्लक्ष होऊ नये, याची जाणीव सूरह अबसाने करून दिली. ही सूरह आम्ही मुलांना शिकवतो. शिकवतो!

आता बोलक्या पुस्तकांनी आमच्यासारखा मधला माणूस दूर केला, असे म्हणून सुटता येईल काय? कायद्याची वाट तर मोकळी झाली आहे. २०१२ साली आपल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन अशा वाचकांसाठी सुलभ प्रती काढण्यास मुभा मिळाली. २०१३ च्या माराकेश करारावर २०१४ साली सर्वांत आधी शिक्कामोर्तब करणारा देश भारत. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालयही सुरू झाले. तरी कोणते पुस्तक आधी बोलके करायचे, हे कोणीतरी ठरवतेच. आणि उर्दूची अडचण वेगळी. जुन्या इनपेजमध्ये जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये नाही, म्हणून संगणकाला तो वाचून दाखवता येत नाही. जुन्या फॉन्टमधल्या मराठी पुस्तकांचेही तेच. आम्ही सहा पाने गाळली. इथे कपाटेच्या कपाटे गाळली जातात, आणि तीही कोणाचा वाईट हेतू नसताना.

त्या फोनवर आम्ही माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे सर. पण आणखी कुठल्या पुस्तकांत गाळले होते, तेवढे सांगा. मी ऐकून घेईन."

आम्ही पुष्कळ आठवून पाहिले. दोन नावे सांगता आली. बाकीची आठवत नाहीत.