रात्रभर उघड्या खानावळी आणि दक्षिणेची निष्ठा

वॉफल हाउस ही अमेरिकेच्या दक्षिण भागातील, चोवीस तास उघड्या राहणाऱ्या खानावळींची साखळी आहे. जॉर्जिया राज्यात, अटलांटाला लागून असलेल्या एव्हनडेल इस्टेट्स या गावात जो रॉजर्स आणि टॉम फोर्कनर या दोन शेजाऱ्यांनी ५ सप्टेंबर १९५५ रोजी तिची पहिली शाखा सुरू केली. पुढच्याच वर्षी आंतरराज्यीय महामार्गांचा कायदा झाला. नव्या रस्त्यांच्या फाट्याफाट्यावर पिवळ्या चौकटींत काळी अक्षरे असलेली पाटी दिसू लागली. आज पंचवीस राज्यांत मिळून तिच्या एकोणीसशेच्या आसपास शाखा आहेत आणि त्यांतल्या सर्वाधिक जॉर्जियातच आहेत.

तिथे मिळणाऱ्या खाण्यात दुर्मीळ असे काही नाही. अंडी, टोस्ट, बेकन, वॉफल, तव्यावर परतलेला किसलेला बटाटा म्हणजे हॅशब्राउन्स, आणि ग्रिट्स. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, पाण्यात शिजवून लोणी-मीठ घातलेल्या. मूळ अमेरिकी जमातींकडून गोऱ्या वसाहतवाल्यांनी हा पदार्थ उचलला, गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या ताटातही तो होता, आणि २००२ मध्ये जॉर्जियाने त्याला राज्याच्या अधिकृत पदार्थाचा दर्जा दिला. उत्तरेकडच्या न्याहारीत तो सहसा सापडत नाही. दक्षिणेतून नोकरीसाठी दूर गेलेल्यांना जे अन्न आठवते त्यात या कण्या हमखास असतात.

तरीही गिऱ्हाइकांच्या निष्ठेचे मूळ चवीपेक्षा खानावळीच्या रचनेत अधिक आहे. तवा भिंतीआड नसतो, काउंटरसमोर उघड्यावर असतो. वाढणारी बाई ऑर्डर लिहून घेते आणि ती ठरलेल्या शब्दांत मोठ्याने स्वयंपाक्याला सांगते. तो ती कागदावर पाहत नाही. रिकाम्या बशीवर जेलीची पुडी, लोणच्याची चकती, मोहरीच्या सॉसचे पाकीट ठरलेल्या जागी ठेवून तो लक्षात ठेवतो की अंडी कशी हवीत आणि सोबत काय द्यायचे. बटाट्याचीही स्वतंत्र परिभाषा आहे. ‘स्कॅटर्ड’ म्हणजे तव्यावर पसरलेला, ‘स्मदर्ड’ म्हणजे कांदा घातलेला, ‘कव्हर्ड’ म्हणजे वर चीज वितळवलेला, ‘चंक्ड’ म्हणजे हॅमचे तुकडे टाकलेला. ही बोली येणारे गिऱ्हाईक कोणत्याही राज्यातल्या शाखेत घरचे ठरते.

काउंटरवर खांद्याला खांदा लावून बसण्याला दक्षिणेत वेगळा अर्थ आहे, आणि तो विसरून या खानावळींचे कौतुक करता येत नाही. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी वुलवर्थ दुकानाच्या खाण्याच्या काउंटरवर बसले, आणि त्यांना वाढायचे नाकारण्यात आले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने असा नकार बेकायदा ठरवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बर्मिंगहॅममधल्या ऑलीज बार्बेक्यू या उपाहारगृहाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. आज पहाटे तीनला ट्रकचालक, पाळी संपवून आलेली परिचारिका, फुटबॉलचा सामना पाहून आलेले विद्यार्थी आणि सफाई कामगार एका ओळीत बसून खातात. ते शक्य झाले ते लढून मिळवलेल्या कायद्यामुळे.

या खानावळींवरच्या विश्वासाची सर्वांत मोठी परीक्षा वादळात होते. २००४ मध्ये चार्ली हे चक्रीवादळ फ्लोरिडावर आदळले, तेव्हा क्रेग फ्युगेट त्या राज्याच्या आपत्ती व्यवस्थापनाचे प्रमुख होते. कोणत्या भागात नेमके किती नुकसान झाले आहे, हे जवळची वॉफल हाउस कशी चालू आहे यावरून ओळखता येते, असे त्यांच्या लक्षात आले. पूर्ण मेनू मिळत असेल तर हिरवा रंग, मोजकेच पदार्थ मिळत असतील तर पिवळा, आणि दार बंद असेल तर लाल. पुढे ते फेमा या केंद्रीय आपत्ती संस्थेचे प्रमुख झाले आणि ‘वॉफल हाउस निर्देशांक’ देशभर माहीत झाला. वादळात उघडे राहण्यामागे बरीच तयारी असते. वीज गेली तरी गॅसवर करता येतील अशा पदार्थांचा छोटा मेनू आधीच ठरलेला असतो, जनित्रे हाताशी असतात, आणि स्थानिक कामगारांची घरे पाण्यात असतील तर बाहेरच्या शाखांतून माणसे येतात. मे २०११ मध्ये मिझुरीतील जॉप्लिन शहर चक्रीवाताने उद्ध्वस्त केले. तिथल्या दोन्ही शाखा उघड्या राहिल्या.

टेक्सासमध्ये हेच स्थान व्हॉटाबर्गर या साखळीला आहे. हार्मन डॉब्सन यांनी १९५० मध्ये कॉर्पस क्रिस्टी येथे ती सुरू केली. दोन्ही हातांनी धरावा लागेल एवढा मोठा बर्गर आणि नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे तिरके छप्पर ही तिची ओळख. २०१९ मध्ये तिचा मोठा हिस्सा शिकागोच्या बीडीटी कॅपिटल पार्टनर्सने घेतला, तेव्हा टेक्सासमध्ये घरचे काही परक्याच्या हाती गेल्याची हळहळ उमटली. जुलै २०२४ मध्ये बेरिल वादळाने ह्यूस्टनची वीज घालवली. वीज कंपनीचा नकाशा मिळेना, म्हणून लोकांनी व्हॉटाबर्गरच्या ॲपवर कोणत्या शाखा चालू आहेत ते पाहून कुठे वीज आहे याचा अंदाज घेतला.

न्यू जर्सीचे डायनर, म्हणजे तिथली उपाहारगृहे, वेगळे. ते साखळीचे नसतात, अनेक ग्रीक स्थलांतरित कुटुंबांच्या मालकीचे असतात, आणि तिथली निष्ठा एकेका दुकानापुरती असते. २०२० च्या महामारीनंतर त्यांतल्या बऱ्याच जणांनी रात्रपाळी सोडली, कारण रात्री काम करणारी माणसे मिळेनात. वॉफल हाउसनेही त्या वसंतात शेकडो शाखा तात्पुरत्या बंद केल्या होत्या, आणि लोकांना संकटाचा आवाका त्यावरून कळला.

या निष्ठेचा भार शेवटी तव्यामागे उभ्या असलेल्या माणसावर आणि वाढणाऱ्या बाईवर पडतो. टिप मिळणाऱ्या कामगारांचे संघराज्याने ठरवलेले किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकले आहे. २०२३ मध्ये साउथ कॅरोलायनातील कोलंबिया येथे वॉफल हाउसच्या कामगारांनी संप केला. रात्रपाळीतली सुरक्षितता, चांगला पगार आणि जेवण घेतले नाही तरी पगारातून होणारी कपात बंद करणे या त्यांच्या मागण्या होत्या. पुढच्या वर्षी कंपनीने मूळ वेतन टप्प्याटप्प्याने वाढवण्याची घोषणा केली. जून २०२४ मध्ये किमान ३ डॉलर आणि जून २०२६ पर्यंत किमान ५.२५ डॉलर असे ते टप्पे होते. वादळात दार उघडे ठेवणाऱ्यांच्या कामाच्या मानाने हे वेतन फारच थोडे आहे.