आधी काठ सोडवा

सकाळचे ऊन तिरपे असते तेव्हा गाडीचा पत्रा काहीच लपवू शकत नाही. दुपारी गुळगुळीत वाटणाऱ्या दरवाजावर तळहाताएवढा पोचा उठून दिसतो. वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनच्या हंगामात ट्रॉल्यांच्या गर्दीतून गाडी काढणाऱ्याला तो कुठून आला, हे सांगावे लागत नाही. मग माणूस रबरी हातोडी शोधतो आणि आतून नेमका सर्वांत खोल जागी ठोका घालतो. ठोका तिथेच चुकतो.

दरवाजाचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटरचा. मार बसला की मधला भाग खोल जातो, पण तो पुष्कळदा फारसा दुखावलेला नसतो, नुसता अडकलेला असतो. खरा मुडपतो तो भोवतीचा काठ. घडणीच्या वेळी मिळालेला बाक मधला पत्रा अजून धरून असतो, त्याला परत यायचे असते. काठ येऊ देत नाही. म्हणून गॅरेजातला जुना मिस्त्री म्हणतो, "भाऊ, मधात ठोकू नका. काठ सोडवा अगोदर." बाहेरून उंचवट्यावर लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या खुंटीने हलके टिपत, आतून सावकाश रेटा द्यायचा. जमले तर मधला भाग टक्कन आपणहून वर येतो.

यामागे तांबटांना पिढ्यानपिढ्या ठाऊक असलेली गोष्ट आहे. गुंड घडवून झाला की त्यावर मठारकाम करतात. ते ओळीने पडलेले ठोके शोभेपुरते नसतात, ठोक्यागणिक तांबे कडक होत जाते. पोलादी पत्र्याचेही तेच. मुडपलेला काठ आधीच कडक झालेला, मधला भाग त्या मानाने मऊ. मधेच ठोकत राहिले तर मऊ पत्रा ताणून पसरतो, आणि पसरलेल्या पत्र्याला मावायला जागा उरत नाही. खड्ड्याच्या जागी टेंगूळ येते. तांबट भांडे तापवून पुन्हा मऊ करू शकतो. रंगवलेल्या दरवाजाला तशी सवलत नाही.

उकळते पाणी ओतून पोचा काढण्याची युक्ती बंपरची आहे. बंपर प्लॅस्टिकचा, उष्णतेने नरमतो आणि आतून दाबला की जागेवर येतो. पोलादाला किटलीभर पाण्याने काही होत नाही, हात मात्र भाजतो.

गारांच्या खुणांचे प्रकरण निराळे. ११ फेब्रुवारी २०१८ ला विदर्भ-मराठवाड्यात गारपीट झाली, त्यात वाशीम जिल्हाही सापडला. उभा हरभरा आणि गहू आडवा झाला, तेव्हा टपावरच्या पोच्यांचे दुःख कोण करणार? एरवी असे पोचे कारागिराला सोयीचे, कारण गार गोल असते आणि रंग बहुधा शाबूत राहतो. पण टपाच्या आत हात घालायचा तर अस्तर उतरवावे लागते. ते घरचे काम नव्हे. रंग तडकला असेल तरीही हात आवरावा. पत्रा सरळ होईल, पण तडा उघडा राहिला तर पावसाळ्यात तिथेच गंज धरेल.

एवढ्यासाठी विम्याकडे धावावे का? क्लेम न करता गेलेल्या पहिल्या वर्षानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते, पुढे ती ५० टक्क्यांपर्यंत चढते, आणि एका क्लेमने सहसा शून्यावर येते. तळहाताएवढ्या पोच्यासाठी हा सौदा मला महाग वाटतो. दोन सकाळी खर्चून पोचा निम्मा भरला, तरी थांबायला हरकत नाही. उरलेला खळगा पुट्टीने बुजवून वर रंग मारण्याचा मोह होतो खरा, पण जुनी गाडी घेणारा जाणता माणूस छोटे लोहचुंबक घेऊन येतो. पुट्टीचा थर जाड असला की ते नीट चिकटत नाही. पोचा दिसला तर तो भावात थोडी घासाघीस करतो, पुट्टी सापडली तर विचारतो, "गाडी कुठं ठोकली होती?"