मैदानावरचे निमंत्रण

अमेरिकेतल्या बंदुकीच्या वादाचा गदारोळ आपल्यापर्यंत नेहमीच पोचतो. कुठल्याशा शाळेत गोळीबार होतो, मेणबत्त्या लागतात, दोन्ही बाजू आपापली जुनी वाक्ये पुन्हा म्हणतात आणि कायदा बहुधा होता तिथेच राहतो. या गदारोळाबाहेर तिथल्या बंदूकधारकांत एक साधा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. बंदुकीला बिचकणाऱ्या शेजाऱ्याशी, सहकाऱ्याशी किंवा जावयाशी हुज्जत घालू नका. सुट्टीच्या दिवशी त्याला रेंजवर घेऊन जा. शस्त्र बाळगण्याचा हक्क सांगणाऱ्या घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीवर तासन्‌तास बोलून जे साधत नाही, ते एका दुपारी साधते, असा त्यांचा अनुभव आहे.

हा सल्ला मला मोलाचा वाटतो. समोरच्याला मूर्ख न ठरवता त्याला आपल्यात बोलावणे ही लोकशाहीतली चांगली रीत आहे. पण नवख्याला का बोलवायचे, याचे उत्तर गेल्या दीडशे वर्षांत पार बदलले आहे. तो बदल पाहिल्याशिवाय या सल्ल्याचे बळही कळत नाही आणि त्याची मर्यादाही कळत नाही.

सुरुवात झाली ती सैनिकांच्या चुकणाऱ्या नेमापासून. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्याची नेमबाजी किती कच्ची आहे, हे विल्यम चर्च आणि जॉर्ज विंगेट यांनी पाहिले होते. त्यांच्या पुढाकाराने 1871 मध्ये न्यूयॉर्कला नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. दोन वर्षांनी लाँग आयलंडवर क्रीडमूरचे मैदान तयार झाले. तिथे 1874 मध्ये आयर्लंडचा नावाजलेला संघ आला आणि यजमानांनी सामना अवघ्या तीन गुणांनी जिंकला. एका आयरिश नेमबाजाची गोळी शेजारच्या लक्ष्यावर लागली होती. ती आपल्या लक्ष्यावर लागती, तर इतिहास वेगळा असता. या सामन्यामुळे नेमबाजी हा लोकांनी गर्दी करून पाहायचा खेळ झाला. पुढे 1903 मध्ये सरकारनेच नागरिकांच्या रायफल सरावासाठी मंडळ नेमले आणि 1907 पासून ओहायोतल्या कॅम्प पेरीला राष्ट्रीय सामने भरू लागले. नवख्याला तेव्हा बोलावले जाई ते देशासाठी. उद्या युद्ध झाले तर भरती होणाऱ्या पोराला रायफल धरता यावी, एवढाच त्यामागचा हिशेब होता.

त्या काळातला एक माणूस मला फार महत्त्वाचा वाटतो. कार्ल फ्रेडरिक हे 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकलेले नेमबाज आणि पेशाने वकील. 1934 मध्ये केंद्राचा पहिला मोठा बंदूक कायदा होत होता, तेव्हा संघटनेचे अध्यक्ष म्हणून ते संसदेच्या समितीपुढे साक्षीला गेले. विधेयकातल्या अनेक तरतुदींना त्यांचा विरोध होता. तरीही ऊठसूट कुणीही शस्त्र बाळगत हिंडावे हे आपल्याला पटत नाही, त्यावर कडक बंधन हवे आणि ते परवान्यानेच व्हावे, असे त्यांनी सांगितले. बंदुकीवर त्यांच्याइतके प्रेम करणारी माणसे थोडीच असतील. त्या प्रेमातून अनिर्बंध हक्काची मागणी निघाली नाही.

ती मागणी आली पुढच्या पिढीत. जॉन केनेडी, मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर 1968 चा बंदूक नियंत्रण कायदा झाला. शहरांत गुन्हेगारी वाढत होती आणि तिच्याबरोबर घराघरांत भीतीही वाढत होती. संघटनेच्या पुढाऱ्यांना कार्यालय कोलोरॅडोला हलवून शिकार, निसर्ग आणि खेळ यांवर भर द्यायचा होता. सभासदांना ते मान्य नव्हते. 1977 मध्ये सिनसिनाटीच्या अधिवेशनात रात्रभर चाललेल्या सभेत त्यांनी जुने नेतृत्व खाली खेचले आणि हार्लन कार्टर यांच्या हाती सूत्रे दिली. तिथून गणित उलटे झाले. आधी बंदूक बाळगण्याचा हक्क हा नेमबाज नागरिक घडवण्याचा पाया होता; आता नेमबाज घडवायचे ते हक्क टिकवण्यासाठी.

याच सुमारास समाजही बदलत होता. शेतावर बापाने मुलाला बावीस बोअरची रायफल हातात द्यावी, ही परंपरा शहरीकरणात विरत चालली होती. घरातून येणारा नवखा कमी झाला, तेव्हा तो बाहेरून आणणे भाग पडले. बंदूक उद्योगाच्या व्यापारी संघटनेने 2005 मध्ये ‘फर्स्ट शॉट्स’ हा नवख्यांचा कार्यक्रम सुरू केला. पुढे प्रत्येक नेमबाजाने एक नवा माणूस सोबत आणावा, अशी मोहीमही काढली. यात गिऱ्हाईकही हवे आहे आणि मतदारही, हे उघड आहे. ते लपवण्याचे कारण नाही. मात्र बोलावणाऱ्यांतली बहुसंख्य माणसे काही विकत नसतात. आपल्याला जे आवडते, त्याबद्दल आपल्याकडे संशयाने पाहिले जाते, हे त्यांना खुपत असते.

चांगला यजमान त्या दुपारी काय करतो, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. आधी बंदूक हातात येतच नाही, नियम येतात. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजायचे. जे उद्ध्वस्त करायचे नाही, त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचे नाही. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे पाहायचे. मग कानांवर मफ, डोळ्यांवर चष्मा. हातात मोठी बंदूक नाही, बावीस बोअरची. तिचा धक्का खांद्याला जेमतेम जाणवतो. पहिल्या वेळी एकच काडतूस, म्हणजे दचकून वळला तरी दुसरी गोळी सुटायची भीती नाही. लक्ष्य जवळ आणि मोठे. श्वास अर्धा सोडून चाप हळूहळू मागे घ्यायचा. रिकामी पुंगळी बाजूला उडते, समोरच्या पोलादी पत्र्यावर ठण्ण वाजते आणि नवखा हसतो. ‘थांबा’ असा पुकारा झाला, की ओळीतला प्रत्येक जण बंदूक रिकामी करून, बोल्ट उघडा ठेवून मागे सरकतो. निघताना सगळे हात धुतात, कारण गोळ्यांतले शिसे बोटांना लागलेले असते.

या शिस्तीचा ठसा नवख्याच्या मनावर खोल उमटतो. बंदूक असलेली माणसे बेफिकीर असतात, असे त्याने गृहीत धरलेले असते. इथे तर त्याला चुकून नळी वळवल्याबद्दल आजोबांच्या वयाचा माणूस ठामपणे टोकतो. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 च्या ‘द नेचर ऑफ प्रेज्युडिस’ या ग्रंथात पूर्वग्रह संपर्काने कमी होतात, असे मांडले होते. पण नुसता संपर्क पुरत नाही, ही त्याची अट होती. दोन्ही बाजू बरोबरीच्या हव्यात आणि हेतू सामाईक हवा. रेंजवर इथेच गोची होते. तिथे एक जण गुरू असतो आणि दुसरा शिष्य. यजमानाने काही शिकावे, अशी अपेक्षा कुणीच ठेवलेली नसते.

पत्रा वाजल्याचा आनंद आणि हक्काला पाठिंबा यांत एक दरी आहे, आणि ती भारताच्या उदाहरणात स्वच्छ दिसते. इंग्रजांनी 1878 च्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याची सक्ती केली आणि युरोपियनांना सूट दिली. हा अपमान काँग्रेसला एवढा सलत राहिला, की 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये घातला गेला. ती मागणी करणाऱ्यांना नेमबाजीच्या खेळाशी कर्तव्य नव्हते. प्रश्न स्वाभिमानाचा होता. स्वतंत्र भारताच्या घटनेत तो हक्क आला नाही. खेळ मात्र आला. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनी 1951 मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया उभी केली. नाव अमेरिकन संघटनेच्या वळणाचे, वाट वेगळी. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत 2010 मध्ये जगज्जेती झाली, स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला कांस्यपदक आणले, अख्ख्या महाराष्ट्राने जल्लोष केला. 1959 चा शस्त्र कायदा सैल करा, असे त्या जल्लोषात कुणाला सुचलेही नाही. आपल्याकडे हक्काची मागणी खेळाविना आली आणि खेळ हक्काविना रुजला.

मग रेंजवरचे निमंत्रण नेमके काय देते? ते विश्वास देते. त्याचे मोल मला न्यू हॅम्पशायरमधल्या एका घटनेतून सर्वाधिक कळते. 2009 मध्ये तिथल्या एकाच दुकानातून बंदुका घेतलेल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या तिघांनी आठवड्याच्या आत आत्महत्या केल्या. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्याच असतात. त्यानंतर बंदूक विक्रेते आणि सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातली माणसे एकत्र बसली. खचलेले गिऱ्हाईक कसे ओळखावे आणि त्याला विक्री कशी नाकारावी, याची पत्रके त्यांनी दुकानांसाठी तयार केली. घरातले माणूस कोलमडले असेल, तर बंदूक काही काळ घराबाहेर ठेवा, हे लोकांना सांगू लागले. दुकानदारांनी ते ऐकले, कारण सांगणाऱ्यांत त्यांच्यातलीच माणसे होती. इथे संपर्क बरोबरीचा होता आणि हेतू सामाईक होता.

म्हणून नवख्याला जरूर बोलवावे, पण त्याच्या मनावर बोजा ठेवू नये. 2008 च्या हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बंदूक बाळगणे हा व्यक्तीचा हक्क मानला, आणि तो अमर्याद नाही हेही त्याच निकालात म्हटले. मर्यादा कुठे आखायची, हा प्रश्न शिल्लक आहे, आणि त्याचे उत्तर लक्ष्यावरच्या भोकांत नाही. पाहुण्याला ती दुपार मनापासून आवडेल आणि तरीही तो सक्त पार्श्वभूमी तपासणीच्या बाजूने मत देईल; फ्रेडरिक यांच्यासारखे नेमबाज होऊनही परवान्याचा आग्रह धरील. यजमानाने तो आपला पराभव समजू नये. ज्याने नळी कुठे वळवायची नाही हे शिकून घेतले, त्याचा आक्षेपही आता जाणकाराचा आहे. एखाद्या हक्काला मुकाट मान डोलावणाऱ्यांच्या गर्दीपेक्षा असे जाणकार विरोधकच जास्त काळ सांभाळतात, कारण ते त्याच्या उणिवा दाखवत राहतात आणि त्या दुरुस्त करायला भाग पाडतात.