कर नको, पाणी हवें

ज्या गांवीं आम्ही राहतों तेथें मागें एका ग्रामसभेंत सरपंचांनीं पाणीपट्टी वाढविण्याचा ठराव मांडिला. विहिरीवरील पंपाचें वीजबिल थकलें होतें आणि वसुली अपुरी पडत होती. प्रथम एक वृद्ध गृहस्थ उठले व नळास दोन वेळां पाणी यावें असें म्हणाले. त्यास सर्वांनीं रुकार दिला. मग पट्टीचा प्रश्न निघाला, तेव्हां त्याच सर्वांनीं नकार दिला. नकाराचा हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतों. दोन महिन्यांनीं वीज तोडण्यांत आली, आणि आमच्या घरांतील बायकांस घागरी घेऊन ओढ्याकडील जुन्या विहिरीवर जावें लागलें. त्यांपैकीं एकीनेंही त्या सभेंत मत दिलें नव्हतें, कारण त्यांस कोणी बोलाविलेंच नव्हतें.

तेव्हांपासून एक प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे. एखादी वस्तु हवी म्हणणें आणि तिचें मोल देण्यास नाहीं म्हणणें, यांत केवळ अविचार आहे कीं अन्यायही आहे? पुष्कळ लोक यास भोळेपणा समजतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. आपण मोल द्यावयाचें टाळिलें म्हणून तें नाहींसें होत नाहीं. तें दुसऱ्या कोणाच्या तरी माथीं बसतें, आणि तो बहुधा सभेंत हजर नसतो.

जें ग्रामसभेंत तेंच राज्याच्या कारभारांत. सन 2004 मध्यें महाराष्ट्रांत विधानसभेची निवडणूक तोंडावर आली असतां शेतीपंपांस फुकट वीज देण्याचें सरकारानें जाहीर केलें. निवडणूक त्याच पक्षांनीं जिंकली, आणि 2005 मध्यें तिजोरीस भार झेपत नाहीं म्हणून ती सवलत मागें घेण्यांत आली. लोक रागावले, व त्यांचा राग खोटा नव्हता. परंतु घोषणा झाली त्या दिवशीं ‘पैसा कोठून आणणार?’ असें विचारणारे किती निघाले? पुढें 2024 च्या निवडणुकीपूर्वीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस पांच वर्षें फुकट वीज देण्याचें ठरलें. लाभ सुमारे 44 लाख शेतकऱ्यांस, आणि खर्च वर्षाला 14,000 कोटी रुपयांहून अधिक. त्याच वर्षीं गरीब स्त्रियांस दरमहा 1,500 रुपये देण्याची योजना सुरू झाली. निवडणुकींत एका बाजूनें 2,100 रुपयांचें वचन दिलें, तर दुसरीनें 3,000 रुपयांचें. अमुक एक कर वाढवूं असें सांगून मत मागणारा उमेदवार आमच्या दारीं तरी आला नाहीं. दोष पुढाऱ्यांचा आहे हें खरें. पण असा कोणी आला असता तर आपण त्यास मत दिलें असतें काय?

कोणी म्हणेल, गरिबास मिळतें तें तुमच्या डोळ्यांत कां सलतें? तें सलत नाहीं. दीड हजार रुपयांत सासूचें औषध आणि मुलांच्या वह्या कशा येतात हें आम्हीं पाहिलें आहे. विजेची गोष्ट मात्र निराळी. ज्याची विहीर आहे, पंप आहे, त्यासच ती फुकट मिळते. आणि ज्याचा ऊंस अधिक त्याचा लाभही अधिक. त्याच्या शेतांत खुरपणाऱ्या ज्या बाईस गुंठाभर जमीन नाहीं, तिला त्यांतून कांहींच नाहीं. ती कर भरीत नाहीं असें म्हणतात. परंतु ती साबणाची वडी घेते, पोरास चपला घेते, त्या किमतींत कर आहेच, आणि तो त्याच तिजोरींत जातो. एवढें करून बागाईतदारास तरी सुख लागतें काय? रात्रीं-अपरात्रीं येणारी वीज, कमी दाबानें जळणारे पंप, अंधारांत पाणी देतांना पायाखालीं येणारा साप, यांचें वर्णन आमच्या वाचकांपुढें करावयास नको.

लोक कर देण्यास कधींच राजी नसतात असेंही नाहीं. 1972 च्या दुष्काळाच्या काळांत महाराष्ट्रांत रोजगार हमी योजना उभी राहिली. ती मुख्यत्वें वि. स. पागे यांची कल्पना. तिचा कायदा 1977 चा, आणि अंमल 26 जानेवारी 1979 पासून. काम मागेल त्यास काम द्यावयाचें तर पैसा हवा. म्हणून 1975 मध्यें नोकरदार, वकील, व्यापारी यांवर व्यवसाय कर बसविण्यांत आला, आणि जितका कर जमेल तितकीच भर सरकारानें आपल्याकडून घालावी असें ठरलें. शहरांतील पगारदारानें कुरकुर केली असेल. पण कर दिला. खडी फोडणाऱ्या हातांसाठीं हा पैसा आहे हें त्यास सांगण्यांत आलें होतें, आणि दुष्काळ सर्वांनीं डोळ्यांनीं पाहिला होता. पुढें त्या निधीचा सर्व पैसा मजुरांपर्यंत पोंचला नाहीं अशी टीका झाली. ती हलकी समजूं नये, कारण ‘पैसा मध्येंच खाल्ला जातो, मग कर कशास द्यावा?’ हें आपलें नेहमींचें उत्तर तेथूनच बळकट होतें.

त्या उत्तरांत तथ्य आहे. तरी एक गोष्ट कबूल करणें आम्हांस प्राप्त आहे. ज्या सभेविषयीं वर लिहिलें, तींत ग्रामसेवकानें वर्षाचा जमाखर्च वाचून दाखविला होता. तो चालू असतां आम्ही निम्मे लोक बाहेर चहा पीत उभे होतों, आणि पट्टीचा विषय निघतांच लगबगीनें आंत आलों.

आमच्या गांवची वीज अखेर वर्गणी काढून जोडून घ्यावी लागली. ती वर्गणी वाढीव पट्टीहून जड पडली, आणि घरटीं सारखी असल्यामुळें बंगल्यास जितकी तितकीच झोपडीस बसली. आतां पट्टीचा ठराव पुन्हां यावयाचा आहे. या खेपेस बायकांस बोलावणें जावें, जमाखर्च शेवटीं न वाचतां ठरावाच्या लगतच आधीं वाचावा, आणि एकट्या विधवांस सूट द्यावयाची तर ती तूट कोणीं भरून काढावी हेंही त्याच बैठकींत ठरावें, असा अर्ज आम्हीं कांहीं जणांनीं सह्या करून दिला आहे. बंगलेवाल्या एका गृहस्थांनीं सही दिली. दुसऱ्यांनीं, आधीं ठराव काय येतो तें पाहूं, असें म्हणून कागद परत केला.